दोन घंटा होऊ द्या

माझ्या नोकरीतली सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती एका शब्दाची होती. तो शब्द लिहायला दोन मिनिटे लागली. तो कोठे लिहायचा हे कळायला मात्र सात आठवडे गेले, आणि तेवढ्या काळात माझ्याच वळणदार अक्षरातल्या एका ओळीमुळे एका निर्दोष बाईंची नोकरी जाण्याच्या बेतात आली. निवृत्तीनंतर माणूस आपल्या यशाच्या गोष्टी सांगतो. ही गोष्ट यशाची आहे की नाही हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

आम्ही तंजावूरचे. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी, आणि घाईत तिन्ही एकत्र. देवनागरी वाचणारे आमच्यात आता थोडे उरले आहेत. मला ती वडिलांनी पाटीवर शिकवली. प्रत्येक गणित 'दिलेले' आणि 'काढायचे' अशा दोन रकान्यांत मांडल्याशिवाय ते पाटी पुसू देत नसत. ती सवय मी पुढे कामावर नेली. माझ्या वहीतही दोनच रकाने असत: 'अपेक्षित' आणि 'मिळाले'.

काम होते संगणकांना एकमेकांशी टेलिफोनवर बोलायला लावण्याचे. आज हे वाक्य विचित्र वाटेल, कारण आज सगळी यंत्रे न सांगता सदैव बोलतच असतात. त्या काळी तसे नव्हते. एका गावच्या, युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला दुसऱ्या गावच्या संगणकाकडून माहिती हवी असेल तर त्याने माणसासारखा फोन लावायचा, पलीकडच्याने उचलायचा, आणि दोघांनी शिट्ट्या-खरखरीच्या भाषेत बोलून फोन ठेवायचा. संगणकाच्या भाषेचे आवाजात आणि आवाजाचे परत संगणकाच्या भाषेत रूपांतर करणारी पेटी म्हणजे मोडेम. पेटी आणणे सोपे होते. संगणकाला फोनवरची रीत शिकवणे हे आमचे काम होते.

ती रीत तीन याद्यांत लिहावी लागे. एका यादीत मोडेम संगणकाच्या कोणत्या तोंडाला जोडला आहे आणि किती वेगाने बोलतो ते. दुसरीत त्या जातीच्या मोडेमला फोन लाव, थांब, ठेव हे कोणत्या शब्दांत सांगायचे ते. तिसरी यादी सर्वांत नाजूक. तीत कोणाला, कधी, कोणत्या नंबरावर फोन करायचा हे असेच, शिवाय पलीकडच्याने उचलल्यावर होणारे संभाषण आधीच लिहून ठेवायचे असे. तो 'लॉगिन' म्हणेल, तू आपले नाव सांग. तो 'पासवर्ड' म्हणेल, तू परवलीचा शब्द सांग. शाळेच्या संमेलनातल्या संवादासारखेच हे. समोरच्याने ठरलेले वाक्य म्हटले तरच आपले वाक्य. त्यातही जाणते लोक 'लॉगिन'चे पहिले अक्षर सोडून उरलेल्याचीच वाट पाहायला सांगत, कारण पहिले अक्षर वाटेत हरवायची शक्यता फार. समोरच्याने दिलेल्या वेळात ठरलेले काही म्हटलेच नाही, तर संगणक फोन ठेवून देई आणि नोंदवहीत एक कोरडी ओळ लिही.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एका भातगिरणीच्या मालकांनी आयुधपूजेच्या दिवशी मोडेमला चंदन-कुंकू लावले ते थेट टेलिफोनच्या खाचेत, आणि वर मलाच विचारले, "पूजा केली तर यंत्र रुसतं का हो?" त्यांचेच दुसरे म्हणणे असे की आयुधपूजेला कोणतेही हत्यार चालवायचे नसते, तेव्हा संगणकाने त्या दिवशी फोन करता कामा नये. मी यादीत त्या दिवसाची सुट्टी लिहून दिली. माझ्या अनुभवात यंत्राला रीतसर रजा मिळालेली ती एकच.

आता मूळ गोष्ट. बियाणे विकणाऱ्या एका संघाची मुख्य कचेरी तंजावूरला आणि शाखा ओरत्तनाडूला होती. शाखेत कोणत्या जातीचे भाताचे बियाणे किती शिल्लक आहे, हे रोज दुपारी एक वाजता कामाक्षीबाई फोनवरून वाचून सांगत. त्या आमच्यातल्याच, मराठी घरच्या. कचेरीतली तमिळ माणसे त्यांना 'बाईअम्मा' म्हणत. अठरा वर्षे हेच काम, आणि त्यांचा आकडा चुकला असे कोणी ऐकले नव्हते. त्या एक ओळ सांगत, पलीकडच्याला ती परत म्हणायला लावत, मग पुढची. मुख्य कचेरीचे व्यवस्थापक शण्मुगम एकदा कंटाळून म्हणाले होते, "बाईअम्मा, मी शाळा सोडून तीस वर्षं झाली." त्यावर बाई, तमिळ चालीने 'सर'चे 'सार' करत, म्हणाल्या होत्या, "सोडलीत ते कळतं सार. पुन्हा म्हणा."

संघाने दोन्हीकडे संगणक घेतले. आता एक वाजता तंजावूरचा संगणक ओरत्तनाडूला फोन करणार आणि आकडे स्वतः आणणार. बाईंच्या पेन्शनला तीन वर्षे उरली होती. शण्मुगम मला म्हणाले, "यंत्र चाललं तर बाईअम्मांना विक्रीच्या खिडकीवर बसवू. नाही चाललं तर का नाही ते तुम्ही लेखी द्या."

पहिल्या दिवशी मी तंजावूरला यंत्रासमोर बसलो. मोडेमने नंबर फिरवला. ओरत्तनाडूच्या जुन्या एक्स्चेंजला नव्या पद्धतीचे सूर कळत नसत, म्हणून टक-टक-टक करत जुन्या तबकडीच्या चालीने. पलीकडचा मोडेम दुसऱ्या घंटेला फोन घेईल असे मी तो तंजावूरहून पाठवण्यापूर्वीच लावून ठेवले होते. घंटा वाजली, एकच, आणि मोडेमच्या बारीक कर्ण्यातून स्पष्ट आवाज आला:

"हलो, ओरत्तनाडू. सांगा."

माझा मोडेम शिट्टीची वाट पाहत गप्प.

"हलो? कोण बोलतां? … बोलायला लाज वाटते तर फोन कशाला करायचा?"

मोडेमने मुकाट्याने फोन ठेवला. एका मिनिटाने पुन्हा लावला. पुन्हा एकच घंटा. "मघाशी तूंच ना रे? घरीं आई-बाप नाहींत का?"

बाई चिडल्या की तमिळ सोडून घरच्या मराठीवर येत. आमच्या मराठीत हे 'नाहीं', 'तूं' असे जुने उच्चार अजून आहेत. कर्ण्यातून ते फारच ठसठशीत ऐकू येत होते. शण्मुगम हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बसने ओरत्तनाडूला गेलो. शाखेची खोली कालव्याच्या कडेला, पुलापासून चार पावलांवर. बाईंच्या टेबलावर फोन, त्याच्या शेजारी मोडेम, मागे भिंतीवर कॅलेंडर. मी ओळख सांगितली.

"तुम्हीच का ते मुके?" बाई म्हणाल्या. "बसा. कापी घ्या." त्यांनी कॉफीचा पेला पुढे केला.

मी समजावले की फोन आता त्यांच्यासाठी नसून पेटीसाठी असेल, आणि पेटी दुसऱ्या घंटेला तो घेईल. "एक वाजता घंटा झाली तर उचलू नका. दोन घंटा होऊ द्या. तिसरी होणार नाही."

बाईंनी थोडा वेळ पेटीकडे पाहिले. "अठरा वर्षांत दुसरी घंटा मीं ऐकली नाहीं, राव. फोन वाजतो म्हणजे दारात माणूस उभा. त्याला उभा ठेवायचा?"

"माणूस नाही बाई. यंत्र आहे."

"यंत्राला तर मग अजूनच रीत पाहिजे," बाई म्हणाल्या. पण त्यांनी कबूल केले.

पुढचे सहा दिवस आकडे बिनचूक आले. मी 'अपेक्षित' आणि 'मिळाले' यांच्यामध्ये सहा वेळा बरोबरचे चिन्ह काढले. सातव्या दिवशी बंद. तंजावूरच्या नोंदवहीत ओळ: फोन लागला, पलीकडे उचलला गेला, 'लॉगिन' आले नाही, वेळ संपली. आठव्या दिवशी तसेच. पाच-सहा दिवस तसेच. मग आपोआप सुरळीत. मग पुन्हा बंद. सात आठवडे हे असे चालले. तंजावूरहून दुसऱ्या कोठल्याही गावाला फोन लावला तर सगळे ठीक, म्हणजे माझ्या याद्या ठीक. बिघाड पलीकडे. पलीकडे काय आहे? एक पेटी, आणि पेटीच्याच तारेवर एक टेलिफोन, आणि टेलिफोनशेजारी पहिल्या घंटेला हात उचलणाऱ्या बाई. मध्येच कोणी रिसीव्हर उचलला तर संभाषण मोडते, हे पुस्तकातच लिहिलेले. मी गणित सोडवले. शण्मुगमांनी लेखी मागितले तेव्हा लिहून दिले: 'ओरत्तनाडू येथे चालू जोडणीत रिसीव्हर उचलला जात असावा.'

'असावा' हे क्रियापद मी काळजीपूर्वक निवडले होते. ते कोणी वाचत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हते. चार दिवसांत कामाक्षीबाईंना नोटीस गेली: यंत्राच्या कामात मुद्दाम अडथळा आणल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.

बाईंचा फोन माझ्या कचेरीत आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"राव, तुम्ही माझें नाव लिहिलेंत?"

"नाव नाही लिहिलं, बाई."

"या खोलीत हात असलेली मीं एकटीच आहें. पेटीला हात नाहींत. मग नाव कोणाचें लिहिलेंत?"

मी समोरची वही मिटली.

"तुम्ही येऊन पाहिलेंत काय? तिकडे बसून लिहिलेंत. माझ्या शाळेत असें लिहिणाऱ्याला बाकावर उभा करीत. उद्यां या. एक वाजायच्या आधीं या."

मी गेलो. खरे सांगायचे तर मनातून माझी खात्रीच होती की बाई माझ्यासमोर उचलणार नाहीत, जोडणी बरोबर होईल, आणि माझे म्हणणे सिद्ध होईल. बाईंनी मला समोर बसवले, डबा उघडला आणि दहीभात कालवायला घेतला. उजवा हात दह्याने माखलेला, डावा हात त्यांनी मुद्दाम टेबलावर पालथा ठेवला. एक वाजला. घंटा. त्यांचा डावा हात जरासा उचलला गेला आणि परत खाली बसला. दुसरी घंटा. पेटीने फोन घेतला, शिट्टी, मग खरखर. बाईंनी घास न घेता मान तिरकी करून ऐकले.

"गेला," त्या म्हणाल्या. "आज नाहीं येणार."

"आत्ता तर लागलाय!"

"लागला. पण खालच्या आवाजात लागला. थांबा आता."

आम्ही थांबलो. थोड्या वेळाने खट्ट आवाज झाला आणि पेटीचे दिवे विझले. तंजावूरने फोन ठेवला होता. रिसीव्हर जागच्या जागी. दही बाईंच्या बोटांवर.

"खालच्या आवाजात म्हणजे काय?" माझा आवाज मलाच खालचा वाटला.

"चांगल्या दिवशीं शिट्टी होते, मग खरखर, मग ती खरखर चढते, तांदूळ चाळणींत ओतल्यासारखी, मग गप्प. वाईट दिवशीं चढत नाहीं. तशीच गप्प होते." त्यांनी कोपराने खिडकीकडे खूण केली. "कालव्याला पाणी असलें कीं असें. कोरडा असला कीं चांगला बोलतो."

त्या वर्षी धरणात पाणी बेताचे होते आणि कालव्यांना पाळीने पाणी सोडत. त्या पाळीला इकडे 'मुरै' म्हणतात. काही दिवस पाणी, काही दिवस कोरडे. पाणी येणार म्हटले की बियाण्याच्या खिडकीवर गर्दी होते, म्हणून बाई कॅलेंडरवर मुरैच्या दिवसांना निळी टिकली करत. मी वही काढली आणि कॅलेंडरशेजारी धरली. माझी प्रत्येक चूक त्यांच्या निळ्या टिकलीवर पडत होती. एकही दिवस इकडे तिकडे नव्हता. मग मी बाहेर जाऊन पुलाखाली पाहिले. टेलिफोनची तार पुलाच्या अंगाने कालवा ओलांडत होती, आणि तिचा एक जुना जोड वाहत्या पाण्यात बुडाला होता.

आत येऊन मी पेटीकडे नीट पाहिले. तिच्यावर वरच्या वेगाचा एक छोटा दिवा होता. बाई म्हणाल्या, तो कोरड्या दिवशीच लागतो.

वाचकांसाठी सांगतो. तार ओली असली की दोन मोडेम आपसात तडजोड करतात आणि निम्म्या वेगाने बोलतात. तंजावूरचा मोडेम नवा होता. तो बाहेर कसेही बोलला तरी आमच्या संगणकाशी ठरलेल्या वेगानेच बोले, म्हणून ही तडजोड मला दिसली नाही. 'जोडले' या शब्दापुढे तो वेगाचा आकडाही सांगत असे, पण तो वाचायला मी माझ्या यादीला सांगितलेच नव्हते. ओरत्तनाडूचा मोडेम जुना. तो हळू बोलू लागला तरी तिथला संगणक जुन्याच वेगाने 'लॉगिन' म्हणत राही, आणि ते आमच्याकडे निरर्थक अक्षरे होऊन पोहोचे. माझा संगणक ठरलेल्या वाक्याची वाट पाहत बसे. अशा वेळी एक खूण पाठवायची असते. तिचे नाव 'ब्रेक'. तिचा अर्थ एवढाच, की तू काय म्हणालास ते कळले नाही, दुसऱ्या वेगाने म्हण. पलीकडचा संगणक मग आपणहून वेग बदलतो आणि पुन्हा विचारतो. ही खूण संवादात लिहून ठेवायची हे मला शिकवलेले होते. माझ्या इतर गावांच्या तारा कोरड्या होत्या, म्हणून मी ती अनावश्यक ठरवून गाळली होती.

यादी तंजावूरला होती आणि मी ओरत्तनाडूला. दुसऱ्या दिवशी जाऊन करता आले असते, पण नोटिशीची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. मी बाईंकडे पाहिले. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, फोन ओढला.

"शण्मुगम सार? ओरत्तनाडू. लिहून घ्या."

"आकडे? पेटीने आणले नाहीत का?"

"आकडे नंतर. आधी तुमच्या कपाटातलं बंद पाकीट फोडा. आत परवलीचा शब्द आहे. यंत्रापुढं बसा. सांगते तेवढंच दाबायचं." हे सगळे तमिळमध्ये, शाळामास्तरणीच्या चालीने. मी कागदावर एकेक कळ लिहून देत होतो आणि बाई ती ओल्या तारेतून तंजावूरला पोहोचवत होत्या. याद्यांत बदल करण्याचे आमचे ते युनिक्समधले जुने साधन इतके तुसडे, की चुकीची एक कळ दाबली तर ओळच नाहीशी व्हावी.

"आता ए दाबा. धाकटा ए. दाबलात? काय दाबलंत ते म्हणा."

"ए."

"आडवी रेघ. मग थोरली अक्षरं: बी, आर, ई, ए, के. म्हणा."

"बी, आर, ई… बाईअम्मा, हे काय आहे?"

"तुमच्या यंत्राला ऐकू आलं नाही तर त्यानं पुन्हा विचारायचं, फोन आपटायचा नाही, असं लिहितोय आपण. के म्हणालात का?"

"के."

ज्यांनी नोटिशीवर सही केली तेच गृहस्थ, नोटीस ज्यांना दिली त्यांच्या सांगण्यावरून, एका बोटाने तो शब्द लिहीत होते. बाईंनी पूर्ण ओळ त्यांच्याकडून परत म्हणून घेतली. मग माझ्या सांगण्यावरून संगणकाला लगेच पुन्हा फोन करायला लावले, आणि रिसीव्हर ठेवला.

घंटा. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. दुसरी घंटा. शिट्टी. खरखर, न चढणारी. गप्प. मी घड्याळ पाहत होतो, बाई पेटी. मग संगणकाच्या पुढच्या बाजूचा बारीक दिवा लुकलुकू लागला, थांबला, पुन्हा लुकलुकला. आकडे चालले होते.

"हळू जातायत," बाई म्हणाल्या.

"हळू, पण जातायत."

"मीं पण अशीच वाचत असें," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पेटी आपल्या वेगाने आकडे देऊन मोकळी झाली. नंतर बाईंनी तेच आकडे तोंडी वाचून शण्मुगमांकडून ताडून घेतले. एकही चुकला नव्हता. नोटीस दुसऱ्या दिवशी परत घेतली गेली. मी माझा लेखी अभिप्राय चुकीचा होता असे पत्र दिले. बाईंना तेवढे पुरले नाही. त्यांनी पत्र वाचून दाखवायला लावले, तेही फोनवर. 'रिसीव्हर उचलला जात असावा' येथे मी पूर्वी 'असावा' लिहिले होते, आता काय लिहिले आहे, असे त्यांचे विचारणे.

"'उचलला गेला नव्हता. चूक माझ्या यादीत होती.'"

"पुन्हा म्हणा, राव."

मी पुन्हा म्हणालो. शण्मुगम शेजारीच उभे होते. त्यांना कोण आनंद झाला.

बाई विक्रीच्या खिडकीवर गेल्या नाहीत. उरलेली तीन वर्षे त्या ओरत्तनाडूच्या यंत्राच्या प्रमुख होत्या. संघाने पुढे आणखी शाखा जोडल्या, तेव्हा प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवशी बाईंना नेत. त्या पेटीशेजारी बसून फक्त ऐकत, आणि सांगत: चढली, नाही चढली. तपासायची उपकरणे माझ्याकडे होती. बाई पोहोचेपर्यंत मी ती पिशवीतून काढत नसे.

माझ्या वहीत त्या दिवसापासून तिसरा रकाना आला: 'तिकडे काय ऐकू आले'. नोंदवही आपल्या यंत्राला काय कळले ते सांगते, तिकडे काय घडले ते नव्हे. हे मी नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येकाला शिकवले. त्यांतले काही आज परदेशांत मोठमोठी जाळी सांभाळतात. एकाने मध्यंतरी कळवले की त्याच्या कचेरीतल्या तक्रारीच्या छापील नमुन्यात अजून तिसरा रकाना आहे, आणि तो का आहे हे तिथे कोणालाच माहीत नाही. मला बरे वाटले. कारण विसरले तरी चालेल, रकाना राहावा.

मोडेम आता नाहीत. ती टक-टक आणि ती शिट्टी मी नातीला तोंडाने करून दाखवली, आणि ही गोष्टही सांगितली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर ती तमिळमध्ये देते. तिने तमिळमध्येच विचारले, "ताता, यंत्राला एकदा कळलं नाही तर ते पुन्हा विचारायचं?" मी म्हटले, "होय, तेवढं शिकवावं लागतं."

हा लेख पाठवण्यापूर्वी कामाक्षीबाईंची परवानगी घेणे आवश्यक होते. त्यांचे वय आता बरेच झाले आहे. तंजावूरला मुलीकडे असतात, हातात मोबाइल असतो. मी फोन लावला. एक घंटा झाली. कोणी उचलला नाही. झोपल्या असतील, ठेवावा का, असे मनात आले. दुसरी घंटा झाली.

"सांगा, राव," बाई म्हणाल्या. "पहिल्या घंटेपासून हातातच होता."